बॅनरचं दुसरं टोक

पेपरातल्या फोटोत मी चपलांसकट पूर्ण आले होते. माझ्या मुठीत वांगी रंगाच्या बॅनरचं एक टोक होतं, बॅनरवर पांढऱ्या रंगात 'शांतता राखा' असं लिहिलेलं होतं आणि दुसऱ्या टोकाला फक्त एक हात होता. मनगटावर रुंद पट्ट्याचं पुरुषी घड्याळ. कोपराच्या पुढे विजेचा खांब सुरू होत होता आणि खांबामागे उसाच्या रसाची गाडी. घाईत पाहणाऱ्याला वाटावं, एक टोक या मुलीनं धरलंय आणि दुसरं खांबानं.

तो हात माझ्या मैत्रिणीचा होता. हे तिला, मला आणि रसवाल्याला सोडून अमरावतीत कोणालाच माहीत नव्हतं, आणि रसवाल्याच्या यंत्राला इतके घुंगरू बांधलेले होते की त्यानं सांगितलं असतं तरी कोणाला ऐकू गेलं नसतं.

आम्ही दोघी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. पहिल्या दिवशी ती माझ्या शेजारी येऊन बसली ती बसलीच. तिला अखंड बोलायचं असायचं आणि मला अजिबात नाही, त्यामुळे आमचं जमलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. शाळेच्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी एकच शेरा असे की मुलगी हुशार आहे पण तोंड उघडत नाही. आकडे मी मनात अजूनही इंग्रजीत मोजते. भाजीवाली 'एकोणसत्तर' म्हणाली की मी शंभराची नोट पुढे करून देवावर हवाला ठेवायचे. मैत्रीण मागून कानात म्हणायची, "सिक्स्टी नाइन वं बाई. एवढ्या मोठ्या शाळेत जाऊन काय शिकून आली?"

तिच्या अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. जुनी गादी आणून द्यायची, ते कापूस पिंजून नवी करून देत. दुकान अशा ओळीत होतं की डावीकडे मिठाईवाला, उजवीकडे पूजेच्या सामानाचं दुकान आणि समोर मशिदीची गल्ली. अब्बा कमी बोलत. पण एकदा मला म्हणाले होते, "बेटा, गादी सबको लगती है. इसलिए मैं किसी से झगड़ा नहीं करता." त्या वाक्यात त्यांचं सगळं राजकारण आलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. शहराबाहेरच्या खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागायची आणि दिवसेंदिवस हलायची नाही. माणसं कापसावरच झोपत, तिथंच स्वयंपाक करत. पाहुणे येत, रांगेसोबत फोटो काढून घेत आणि जात. आमच्या कॉलेजातून दर आठवड्याला कशाची तरी जनजागृती रॅली निघायची. हातातला फलक न वाचता मैलभर चालायची सवय आम्हाला तेव्हाच लागली.

एका दुपारी त्या रांगेत एका ट्रॅक्टरनं दुसऱ्याच्या पुढे तोंड घातलं. दोन्ही चालक आठवडाभर एकाच टपरीवर चहा पीत होते. पण एक एका जमातीचा होता आणि दुसरा दुसऱ्या. संध्याकाळपर्यंत ते भांडण शहरात पोचलं, आणि पोचेपर्यंत त्यात ट्रॅक्टरचा उल्लेखही उरला नव्हता. बाजारात दगड पडले. मिठाईवाल्याची काच गेली, अब्बांच्या शटरला पोचे आले. दोन दिवस सगळं बंद. तिसऱ्या दिवशी दुकानं उघडली, पण मिठाईवाला आणि अब्बा, जे वीस वर्षं एकमेकांच्या दुकानावर लक्ष ठेवत आले होते, ते शेजारी-शेजारी असूनही समोरच्या रस्त्याकडे पाहत बसले.

आमच्या कॉलेजात शांततेसाठी काम करायचं म्हणून एक गट होता. पहिल्या बैठकीला कॅन्टीनमधली दोन टेबलं जोडावी लागली होती. दगड पडल्यानंतरच्या बैठकीला आम्ही दोघीच. बाकीच्यांना प्रॅक्टिकल्स होती.

"आपण चौकात उभं राहू," मैत्रीण म्हणाली. "बोलायचं नाई, काई नाई. नुसतं उभं राह्यचं."

नुसतं उभं राहणं मला जमण्यासारखं होतं.

बॅनरच्या रंगावरून दोन दिवस गेले. भगवा चालणार नव्हता, हिरवा चालणार नव्हता. निळ्याचा, लालचा, पिवळ्याचा कोणी ना कोणी मालक होता. पांढरा घेतला तर कोणी वारलं का असं विचारतील, काळा म्हणजे निषेध. शेवटी तिनं अब्बांच्या दुकानातून वांगी रंगाचा एक तुकडा आणला. कोणाच्या तरी लग्नाच्या गादीच्या खोळीतून उरलेला. "वांग्याचा कोणताच पक्ष नाई," ती म्हणाली. मजकूर आम्ही कॉलेजच्या लायब्ररीतल्या पाटीवरून घेतला.

"लायब्ररीत कोणी ऐकत नाई, चौकात कोण ऐकते?" तिचं म्हणणं.

तिला एकच अट होती आणि ती अब्बांची होती. कॉलेजात जायला परवानगी देतानाच त्यांनी सांगून ठेवलं होतं की अभ्यास करायचा, परीक्षा द्यायची आणि घरी यायचं. ज्या दिवशी तिचं नाव किंवा चेहरा पेपरात येईल त्या दिवशी कॉलेज संपलं. शटरला पोचे आल्यावर त्यांनी ती अट पुन्हा एकदा, शांतपणे, जेवताना सांगितली. ते रागीट नव्हते. घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

"कॅमेरा दिसला की मी खांबामागं," ती म्हणाली.

कॅमेरा आला तो आमच्यासाठी नव्हताच. शेजारच्या सभागृहात कोणाचा तरी सत्कार होता आणि पेपरवाला तिथून बाहेर पडत होता. दुपारच्या उन्हात चौकात आम्ही आणि रसवाला सोडून कोणी नव्हतं; कॅमेरा दिसताच मैत्रीण ठरल्याप्रमाणे खांबामागे गेली आणि बॅनर पाहून त्यानं गाडी थांबवली.

"कशाचा निषेध आहे?"

मी मान हलवली.

"निषेध नाही? मग सत्कार आहे का कोणाचा?"

"शांतता," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"फोटोखाली काय लिहू मी?" तो खरोखर अडचणीत पडल्यासारखा दिसला. त्याच्याकडे फोटोखाली टाकायच्या दोनच ओळी असाव्यात आणि आम्ही कुठल्याच ओळीत बसत नव्हतो. त्यानं कॅमेरा उचलला. मैत्रीण खांबामागे आणखी सरकली. पण टोक तिनं सोडलं नाही. सोडलं असतं तर बॅनर रस्त्यात पडला असता आणि लग्नाचं कापड खराब झालं असतं.

दुसऱ्या दिवशी फोटोखाली ओळ आली: 'तरुणीचा चौकात मूक निषेध.'

कशाचा, ते लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येकानं तो आपला मानला. दुपारपर्यंत एका बाजूची माणसं आमच्या घरी येऊन गेली की ही पोरगी आमचा निषेध करते म्हणजे काय. ती माणसं जिना उतरत असताना दुसऱ्या बाजूची चढत होती. जिन्यात त्यांनी एकमेकांना वाट दिली. चहा आईनं दोघांनाही दिला. दोघांची मागणी एकच होती: मुलीनं जाहीर माफी मागावी आणि दुसरा हात कोणाचा ते सांगावं.

माफीचं एक वेळ समजण्यासारखं होतं. पण हाताचं लोकांना जास्त लागलं. माणूस अर्धा दिसला की उरलेला पाहिल्याशिवाय चैन पडत नसावं. घड्याळ पुरुषी, म्हणजे हात मुलाचा. हात मुलाचा, म्हणजे प्रकरण वेगळं. आमच्या गल्लीतल्या एक काकू खात्रीनं सांगत होत्या की हात वरूडचा आहे, संत्र्याच्या व्यापाऱ्यांच्या घरचा. पलीकडच्या गल्लीत तो धामणगावच्या धान्यवाल्यांचा होता. काही जणांच्या मते तो मुळात विदर्भातलाच नव्हता.

आई रात्रीचं वाढताना एवढंच म्हणाली, "हात कसा आहे ते मी विचारत नाही. त्याचं आडनाव काय?"

मी आमटी मागितली.

प्राचार्यांच्या टेबलावर तो पेपर पसरलेला होता आणि त्यावर प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं भिंग ठेवलेलं होतं. सर सौम्य गृहस्थ होते.

"मला नाव नको," ते म्हणाले. "मला फक्त एवढं सांगा की हा हात आपल्या रोलवर आहे की बाहेरचा."

मी भिंगाकडे पाहिलं.

"आपला असेल तर मला त्याच्या पालकांना बोलवावं लागेल. बाहेरचा असेल तर माझी काळजी मिटली."

बाहेरचा आहे असं म्हणणं सोपं होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, कुठला, आणि मला खोटं रेटून बोलता येत नाही. खोटं बोलायलासुद्धा बोलावं लागतं. मी भिंगाकडे पाहत राहिले. सरांनी बराच वेळ वाट पाहिली, मग एक सुस्कारा सोडला आणि माझ्या प्रगतिपुस्तकातला शेरा पाठ असल्यासारखं म्हणाले, "तुम्ही बोलतच नाही हो." आयुष्यात पहिल्यांदा तो शेरा माझ्या उपयोगाला आला.

बाहेर मैत्रीण बोटं मोडत उभी होती. "सांगतलं का?"

मी मान हलवली.

"परीक्षा होईस्तोवर नको सांगू. मंग मीच सांगीन. मंग अब्बांनी घरी बसवलं तरी दुसरं वर्ष तं हातात राहीन." ती हसत होती, पण घड्याळ तिनं काढून पर्समध्ये ठेवलं होतं. ते अब्बांचं लग्नातलं घड्याळ. परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइल चालत नाही म्हणून त्यांनी तिला दिलं होतं आणि सवय व्हावी म्हणून ती रोज लावायची. "अब्बा मराठी पेपर वाचत नाई म्हून वाचली मी. नाई तं या घड्याळानंच सांगितलं असतं."

मग भाऊंनी यात लक्ष घातलं.

भाऊ आमच्या भागातले युवा नेते. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना भाऊच म्हणत. त्यांच्याकडे कुठलं पद नव्हतं, पण नगरसेवक होण्याची त्यांची तयारी इतकी जुनी होती की काही लोकांना ते झालेलेच आहेत असं वाटे. भाऊंनी माझा जाहीर निषेध करायचं ठरवलं आणि त्यासाठी चौकात फ्लेक्स लावला.

मला हे भाजीवालीकडून कळलं. तिनं कोथिंबिरीची आख्खी जुडी पिशवीत टाकली आणि पैसे घेईना.

"राहू दे वं माय. वाढदिवस हाये ना तुहा."

"माझा?"

"मंग? एवढा मोठा फ्लेक्स लागला तुहा चौकात. लय पोट्ट्यायनं शुभेच्छा देल्ल्या."

बाबा आणि मी स्कूटीवरून पाहायला गेलो. फ्लेक्स दुमजली होता. वर झेंडूची कमान, दोन्ही कोपऱ्यांत समया, एका बाजूला फुगे. मधोमध मी, बॅनर धरून. पेपरातला फोटो मोठा करताना माझ्या चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले असावेत, म्हणून माझ्या धडावर दुसरं डोकं बसवलेलं होतं. दोन वेण्या, रिबिनी. धड कॉलेजचं आणि डोकं दहावीचं. कमानीखाली सोनेरी वळणदार अक्षरांत 'जाहीर निषेध' लिहिलेलं होतं, पण त्या वळणांत इतके फुलोरे होते की ते आधीच ठाऊक असल्याशिवाय वाचता येत नव्हतं. खाली गॉगल घातलेल्या तरुणांची रांग आणि त्यांच्यावर ठळक अक्षरांत 'शुभेच्छुक'.

आणि बॅनरच्या दुसऱ्या टोकाला, जिथं खांब होता, तिथं स्वतः भाऊ उभे होते. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, दोन्ही हात छातीशी जोडलेले. तिसऱ्या हातानं त्यांनी आमचा बॅनर धरला होता. तिसऱ्या हातावर रुंद पट्ट्याचं घड्याळ होतं.

बाबा बराच वेळ पाहत राहिले. ते कालव्यांच्या कामावर इंजिनिअर होते. ज्या कालव्यांत पाणी येत नव्हतं त्यांची देखभाल करायची, असं ते काम, त्यामुळे विसंगतीची त्यांना सवय होती. तरी ते म्हणाले, "चल, विचारू."

फ्लेक्सवाला दुकानात संगणकापुढे बसला होता. कोणाच्या तरी तेराव्याचा फ्लेक्स चालू होता.

"हा निषेध आहे की वाढदिवस?" बाबांनी विचारलं.

"निषेधच हाये जी."

"मग खाली शुभेच्छुक कशाला?"

"मंग पोट्ट्यायचे फोटो कायच्या खाली टाकू? त्यायले फोटो पाह्यजे म्हणजे पाह्यजे."

"आणि माझ्या मुलीचा दहावीचा फोटो कुठून आला?"

"तुमच्या ट्यूशनवाल्या सरांचा निकालाचा फ्लेक्स म्यानंच केलता. पोरगी हुशार हाये जी तुमची." त्यानं माझ्याकडे पाहून कौतुकानं मान डोलावली.

"आणि याला तीन हात?"

फ्लेक्सवाला पहिल्यांदाच थोडा थांबला. मग समजूत घातल्यासारखा म्हणाला, "भाऊचा फोटो आपल्याकडं हात जोडलेलाच हाये. दुसरा ते काढू देत नाई. अन् इकडं हा हात सुटा. सुटा हात फ्लेक्सवर लावत नसते जी, अपशकुनी दिसते. माणूस आख्खा पाह्यजे. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर बी म्या कधी अर्धा माणूस लावला नाई. मंग या हाताले कोणाले तरी जोडाच लागते का नाई?"

"भाऊंनी पाहिला?"

"पाह्यला ना. म्हणे, मस्त झाला."

परत येताना बाबा चौकात पुन्हा थांबले. मान वर करून खांद्यापाशी निरखून पाहिलं. "काम पक्कं आहे त्याचं," ते म्हणाले. "सांधा दिसत नाही."

तरीसुद्धा वातावरण निवेपर्यंत मला अकोल्याला मामाकडे पाठवायचं ठरलं. बडनेऱ्याहून गाडीत बसवताना आईनं सांगितलं, कोणाशी बोलू नकोस. हे मला सांगायची गरज तिला वाटली याचंच मला नवल वाटलं.

अकोल्याच्या स्टेशनवर मामा खुशीत होता.

"बैस. तुले एक गंमत दाखवतो."

गंमत म्हणजे तोच फ्लेक्स. भाऊंच्या साळ्यानं अकोल्यातही एक लावला होता. त्याखाली मामानं मला उभं करून मोबाइलवर फोटो काढला. जाणाऱ्या येणाऱ्यांनी आधी फ्लेक्सकडे, मग माझ्याकडे पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून उतरले.

"शांततेचं काम करता का बाई भाऊसंगं? करा, करा. लय गरज हाये." आणि पुन्हा सायकलवर बसून गेले.

घरी मामीनं कांदेपोहे पुढे ठेवले आणि विचारलं, "भाऊ स्वभावानं कसे हायेत वं?"

हात कोणाचा, असं अकोल्यात कोणीच विचारलं नाही. मी त्या दुपारी गच्चीवर बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की विचारायला काही उरलंच नव्हतं. हाताला माणूस मिळाला होता. तीन हातांचा का होईना.

मी मैत्रिणीला फोन केला. "तुझा हात आता भाऊंचा झाला आहे."

ती इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. मग एकदम थांबली.

"पण घड्याळ अब्बाचं हाये ना," ती म्हणाली. "अन् तो फ्लेक्स बाजाराच्या तोंडावर लागला हाये. मराठी वाचत नसले तरी फोटो तं दिसते त्यायले."

"काही बोलले?"

"नाई. तेच तं."

आठवड्यानं मला परत बोलावलं, कारण पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होती. दर सणाआधी अशी बैठक होते. शहरातली दोन्हीकडची जुनी माणसं येतात, सहकार्य करू म्हणतात, चहा-बिस्किट होतं. या वेळी विषय माझा होता. मी शांततेसाठी उभी राहिल्यामुळे शांतता बिघडली होती आणि ती समितीला पूर्ववत करायची होती.

बाबा माझ्या शेजारी बसले. समोर ठाणेदार साहेब. एका बाजूला टोप्या, दुसऱ्या बाजूला गंध, मध्ये मिठाईवाला, त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून अब्बा. व्यापाऱ्यांचे म्हणून त्यांनाही बोलावलं होतं. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते. सगळ्यांत पुढे भाऊ, पांढऱ्या शर्टात.

"तर ही मुलगी," ठाणेदार म्हणाले. "लहानच आहे. माफीचं आपण पाहू. पण अफवा फार झाल्या. दुसरा हात कोणाचा, ते आज इथं कळलं पाहिजे. नाव सांगा बेटा."

खोलीतला पंखा कुरकुरत होता. मी बिस्किटाकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहत होते, अब्बासुद्धा. अब्बांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि डाव्या मनगटावर, जिथं वर्षानुवर्षं घड्याळ होतं, तिथं कातडी थोडी फिकट होती. आता बोलले नाही तर आणखी बैठका होतील, आणि कोणत्या तरी बैठकीत कोणीतरी त्या फिकट पट्ट्याकडे पाहील, असं मला वाटलं. पण बोलायचं काय?

"बॅनर लांब होता," मी म्हणाले. "मला एकटीला धरता आला नसता."

एवढंच. ते खरं होतं.

मी मान वर केली तेव्हा समोर भाऊच होते, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. दुसरीकडे पाहायला जागाच नव्हती. भाऊंनी ते पाहिलं, मला भाऊंकडे पाहताना ठाणेदारांनी पाहिलं, आणि हळूहळू सगळी खोली भाऊंकडे पाहू लागली. भाऊंचा आठवडा चांगला गेला होता. दोन्ही बाजूंची माणसं रस्त्यात थांबवून त्यांना शाबासकी देत होती. त्यांनी घसा साफ केला.

"आता लपवून काय करता," भाऊ म्हणाले. "शांततेले कोणी तरी हात लावाच लागते."

खोलीत कुजबुज झाली.

"पण भाऊ," ठाणेदार गोंधळून म्हणाले, "तुम्ही तर निषेध केला होता."

"अशांततेचा, साहेब. फ्लेक्स नीट पाहा ना."

मागच्या बाजूचे एक चाचा चष्मा पुसत म्हणाले, "वो तो देखा. मगर भाऊ, उस में तुम्हारे तीन—"

"पुढचा विषय," ठाणेदार म्हणाले.

पुढचा विषय अर्थातच सत्कार. शाल आणि श्रीफळ पोलीस ठाण्यात तयारच असतात. भाऊंना शाल, मला शाल. भाऊंना नारळ, मला नारळ. तोच पेपरवाला आला होता. या वेळी त्याचा चेहरा मोकळा होता, फोटोखाली काय लिहायचं ते त्याला माहीत होतं. सगळे टाळ्या वाजवत होते. मिठाईवाला आणि अब्बा यांच्यामधल्या दोन खुर्च्या कोणी तरी सत्कारासाठी पुढे ओढून नेल्या होत्या, त्यामुळे टाळ्या वाजवताना ते एकमेकांच्या शेजारी आले होते. मिठाईवाला अब्बांना काही तरी म्हणाला. बहुधा बिस्किटांविषयी. अब्बांनी मान हलवली.

संध्याकाळी मैत्रीण आणि मी दह्यात भिजवलेल्या गिला वड्याच्या गाडीवर भेटलो. मी सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग वडा प्लेटमध्ये तसाच ठेवून माझ्या नारळाकडे पाहत बसली.

"उन्हात दोन तास टोक धरलं म्या," ती म्हणाली. "कॅमेरा आला तरी सोडलं नाई. अन् नारळ त्याले."

मी शालीची घडी पुन्हा घातली.

"आधीच दोन हात हायेत त्याले. माहा कायले पाह्यजे होता?"

मी माझा नारळ तिच्यापुढे सरकवला. तिनं तो कानाशी नेऊन हलवला, पाणी आहे का ते ऐकलं आणि पर्समध्ये कोंबला. चेन लागली नाही.

"शाल तू ठेव. परीक्षा होऊ दे, मंग माहा हात मी वापस घेतो त्याच्याकडून."

परीक्षेला महिना होता. त्या महिन्यात भाऊ तीन शाळांत शांततेवर बोलले. आमच्या प्राचार्यांनी भिंग परत प्रयोगशाळेत पाठवलं. आईनं आडनावाचा विषय सोडला. भाऊंचं आडनाव तिला माहीत होतं आणि तिला ते मुळीच चालणार नव्हतं, पण त्यांना दोन मुलं होती म्हणून ती निश्चिंत होती. पुढे कोणाचा तरी खरा वाढदिवस आला आणि आमचा फ्लेक्स उतरला.

उतरलेला फ्लेक्स आमच्याकडे वाया जात नाही. कोणी सोयाबीनच्या ढिगावर टाकतं, कोणी गळक्या छपरावर. नांदगावच्या रस्त्यानं गेलं तर कापसाच्या गाड्यांवर माजी आमदार हात जोडून उताणे पडलेले दिसायचे.

पहिल्या पेपरच्या सकाळी अवकाळी पाऊस आला, गारांसकट. मी रेनकोट घालून स्कूटीवर मैत्रिणीला न्यायला गेले. अब्बांच्या दुकानापुढे पिंजायला आलेल्या गाद्यांचा ढीग होता आणि त्या ढिगावर एक मोठा फ्लेक्स टाकलेला होता. अब्बांनी तो स्वतः मागून आणला होता, हे मिठाईवाल्यानं मला सांगितलं. तो पायरीवर उभा राहून दोरीचं एक टोक ओढून धरत होता आणि दुसरं टोक अब्बा खिळ्याला बांधत होते.

फ्लेक्स मोठा, ढीग लहान. म्हणून तो दुमडावा लागला होता. झेंडूची कमान आत गेली होती. माझं दहावीचं डोकं आत गेलं होतं. भाऊ, जोडलेल्या हातांसकट, गाद्यांच्या खाली खोचले गेले होते. वर, रस्त्याकडे तोंड करून, वांगी रंगाच्या कापडाची एक पट्टी आणि ती घट्ट धरलेला एक हात एवढंच राहिलं होतं. घड्याळावर गारा पडत होत्या.

मी त्याकडे पाहत राहिले. तो योगायोग असू शकत होता. पण अब्बा गादीची खोळ शिवणारे. कापड कुठं दुमडायचं आणि वर कोणती बाजू ठेवायची, हा त्यांचा रोजचा धंदा.

मैत्रीण ओढणीनं डोकं झाकत बाहेर आली. तिनं फ्लेक्स पाहिला आणि पायरीवरच थबकली. अब्बांनी दोरीला शेवटची गाठ मारली, हात पुसले. हाताच्या चित्रावर साचलेलं पाणी त्यांनी तळव्यानं निपटून काढलं.

"वॉच पहनी?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

तिनं बाही वर करून मनगट दाखवलं. त्यांनी वळून एकदा तिच्या मनगटाकडे पाहिलं, एकदा ढिगाकडे.

"जाओ फिर. पेपर को देर हो रही." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, गाडी सावकाश. और वो कपड़ा बच गया हो, तो वापस ला देना. लग्नाचं होतं."